दगडात काय आहे? लेझर, लोहखनिज आणि भामरागडचा पट्टा

भामरागडला इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा या तीन नद्या एकत्र येतात. पर्लकोटेला पूर आला की पुलावरून पाणी जातं आणि हेमलकसा, आलापल्लीकडचा रस्ता तुटतो. अशा दिवसांत आजारी माणूस बाहेर काढणंच जिकिरीचं, तिथे दगड, माती किंवा पाण्याचा नमुना कोण पाठवणार? एरवीही जिल्ह्याचं ठिकाण दीडशेहून अधिक किलोमीटरवर आहे. ज्यांच्या अहवालाला सरकारदरबारी वजन आहे अशा मोठ्या प्रयोगशाळा नागपुरात, म्हणजे तीनशेहून अधिक किलोमीटरवर. अहवाल हाती येईपर्यंत पेरणी आटोपलेली असते, खनिजाचा ट्रक पुढे गेलेला असतो आणि हातपंपाचं पाणी लोक पीतच असतात.

गेल्या काही वर्षांत पदार्थातली मूलद्रव्यं जागच्या जागी ओळखणारं लेझर तंत्र हातात धरता येईल एवढ्या आकारात आलं आहे. खाणकंपन्या, भंगाराचे मोठे व्यापारी, पोलाद कारखाने ते वापरतात. त्याची जाहिरात मोठी असते: दगडावर नळी टेकवा, चाप ओढा, काही सेकंदांत टक्केवारी पडद्यावर. या तंत्राने चंद्रपूर-गडचिरोलीच्या पट्ट्याला खरोखर काय मिळेल आणि काय मिळणार नाही, हे नीट तपासायला हवं. माझं मत आधीच सांगून टाकतो. या भागाला यंत्रापेक्षा जास्त निकड आहे ती इथल्याच दगड-मातीपासून तयार केलेल्या, नागपूरच्या प्रयोगशाळांनी पारखलेल्या प्रमाण नमुन्यांची. ती नसतील तर यंत्र फक्त आकडे देईल.

दगडात काय आहे हा प्रश्न इथे नवा नाही. १८८२ साली रिटर फॉन श्वार्ट्झ या जर्मन तज्ज्ञाचा चांदा, म्हणजे आजच्या चंद्रपूर-गडचिरोली, जिल्ह्यातल्या लोखंडावरचा अहवाल आला. लोहाऱ्याला उत्तम खनिज आणि वरोऱ्याला कोळसा, दोन्ही एकाच जिल्ह्यात. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १८७७ पासून नागपुरात सुरू होती. हा अहवाल त्यांच्या वाचनात आला आणि पोलाद कारखान्याचा विचार तिथून रुजला. त्यांनी वरोऱ्याच्या कोळशाचे नमुने तपासून घेतले. तो भट्टीला चालणार नाही असं निघालं. खाणपट्ट्याच्या सरकारी अटीही जाचक होत्या, आणि बेत बाजूला पडला. पुढे १९०३ च्या सुमारास दोराबजी टाटा आणि अमेरिकन भूशास्त्रज्ञ सी. एम. वेल्ड चांद्याच्या जंगलात फिरले. खनिज चांगलं होतं, पण साठे विखुरलेले होते. मग नागपूरला एका सरकारी भेटीची वाट पाहत असताना दोराबजी संग्रहालयात शिरले आणि तिथल्या भूशास्त्रीय नकाशात दुर्ग जिल्ह्यातली लोहखनिजाची गडद खूण त्यांना दिसली. शोध तिकडे वळला, पुढे भूशास्त्रज्ञ प्रमथनाथ बोस यांच्या पत्रामुळे मयूरभंजकडे गेला आणि कारखाना साकचीत, म्हणजे आजच्या जमशेदपुरात, उभा राहिला. १९१२ मध्ये तिथे पोलाद तयार झालं. चांदा मागे राहिला.

ही हकिकत मी नुसती इतिहास म्हणून सांगत नाही. लोहाऱ्याच्या दगडात लोह भरपूर आहे, हे उत्तर तेव्हाही मिळालं होतं. बेत अडला तो दुसऱ्याच गोष्टींवर. कोळशात कार्बन किती, हा मूलद्रव्यांचा हिशेब. पण तापवल्यावर त्याचा एकसंध, भार पेलणारा कोक होतो की नाही, हा गुण मूलद्रव्यांच्या यादीत दिसत नाही. आणि डोंगरात एकूण किती माल आहे हे एका दगडावरून कळत नाही. आजचं सगळ्यात महागडं लेझर यंत्रही या दोन प्रश्नांवर जमशेटजींच्या वेळच्या रसायनतज्ज्ञाइतकंच गप्प राहील.

आता तंत्राकडे. पदार्थ तापवला की प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या ठराविक तरंगलांबीचा प्रकाश देतं, हे बुन्सेन आणि किर्शहोफ यांनी १८५९-६० मध्ये पक्कं केलं. सोडियम ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरला पिवळं चमकतं, लिथियम ६७०.८ ला तांबडं. फक्त पदार्थ तापवायला ज्योत किंवा विजेची ठिणगी लागायची, आणि त्याआधी तो दळून, ॲसिडात विरघळवून तयार करावा लागायचा. १९६० मध्ये मायमनने पहिला लेझर चालवला. दोनच वर्षांत ब्रेच आणि क्रॉस यांनी लेझरने पदार्थाची वाफ करून तिचा वर्णपट पाहण्याची कल्पना मांडली. १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेने ती नीट बसवली आणि तिचं इंग्रजी आद्याक्षरी नाव रूढ झालं. आज जगभर तिला ‘लिब्ज’ म्हणतात.

एक ठिणगी जवळून पाहू. लेझरचा झोत भिंगातून दगडाच्या एका बिंदूवर एकवटतो आणि पाच-दहा नॅनोसेकंदांत संपतो. एवढ्या अवधीत तिथल्या कणभर पदार्थाची वाफ होते आणि वाफेचे अणू फुटून प्लाझ्मा तयार होतो. तापमान दहा हजार अंशांच्या वर जातं. कानाला एक बारीक ‘टक्’ ऐकू येतं. पहिल्या क्षणाचा उजेड पांढराशुभ्र असतो आणि त्यात काहीच ओळखता येत नाही. यंत्र म्हणूनच साधारण एक मायक्रोसेकंद थांबतं. प्लाझ्मा थोडा निवला की पांढऱ्या उजेडातून रेषा वर येतात: कॅल्शियमच्या ३९३.४ आणि ३९६.८ ला, सिलिकॉनची २८८.२ ला, आणि लोहाच्या तर सगळीकडे पसरलेल्या हजारो. दगडावर उरतो मिलिमीटरच्या अंशाएवढा एक खड्डा. गेलेल्या पदार्थाचं वजन नॅनोग्रॅम-मायक्रोग्रॅममध्ये. ॲसिड नाही, कुटणं नाही. लिथियम, बेरिलियम, बोरॉन, कार्बन अशी हलकी मूलद्रव्यं हातातल्या क्ष-किरण यंत्राला जवळजवळ दिसतच नाहीत, ती लेझरला दिसतात. मला या तंत्राचं सगळ्यात मोठं बळ हेच वाटतं.

आता इथला दगड. गडचिरोलीतल्या सुरजागडच्या डोंगररांगेत हेमॅटाइट या लोहखनिजासोबत पट्टेदार खडकही असतो. खाणीत त्याला ‘बीएचक्यू’ म्हणतात, बँडेड हेमॅटाइट क्वार्टझाइट. हातात घेतला तर लालसर-करडे आणि फिकट पट्टे एकावर एक दिसतात, काही मिलिमीटर जाडीचे. करडा पट्टा लोहाचा, फिकट पट्टा गारेचा, म्हणजे सिलिकाचा. लेझरची ठिणगी करड्या पट्ट्यावर पडली तर पडदा म्हणेल, उत्तम प्रतीचं खनिज. नळी तीन मिलिमीटर सरकवली तर म्हणेल, नुसती वाळू. दोन्ही वाचनं खरी, आणि दगडाविषयी दोन्ही निरुपयोगी. ठिणगीला दिसतो फक्त ठिणगीखालचा बिंदू. म्हणून दगडावर ठिकठिकाणी ठिणग्या टाकून सरासरी काढावी लागते. त्याहून बरं म्हणजे दगड कुटून, चाळून, दाबून त्याची वडी करायची आणि तिच्यावर मोजायचं. म्हणजे कुटण्याचं काम सुटलं असं जाहिरातीत म्हटलं असलं, तरी खनिजाच्या बाबतीत ते सुटत नाही.

दुसरी मर्यादा. शुद्ध हेमॅटाइटमध्ये लोह वजनाने ६९.९ टक्के असतं, मॅग्नेटाइटमध्ये ७२.४. लेझर लोह मोजतो. ते कोणत्या खनिजाच्या रूपात आहे हे तो सांगत नाही. हवेतल्या मोजणीत ऑक्सिजनची रेष दगडातून आली की हवेतून, हेही ओळखणं अवघड. आर्सेनिक कोणत्या रूपात आहे यावर त्याचं विष ठरतं, आणि लेझरने अणू फोडून टाकल्यावर ते रूपच उरत नाही.

आणि आता प्रमाण नमुन्यांकडे, कारण सगळी गोम तिथे आहे. रेष किती उजळ यावरून प्रमाण ठरवायचं, तर उजळपणा फक्त प्रमाणावर अवलंबून नसतो. दगड कठीण की ठिसूळ, ओला की कोरडा, सोबत कोणती मूलद्रव्यं आहेत, पृष्ठभाग खडबडीत की घासलेला, या प्रत्येकाने प्लाझ्माचं तापमान बदलतं आणि त्याबरोबर रेषाही. सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम यांच्या जोरदार रेषा तर प्लाझ्माचीच बाहेरची थंड वाफ गिळून टाकते, आणि जास्त प्रमाण कमी दिसतं. पोलादातल्या कार्बनची २४७.९ नॅनोमीटरची रेष लोहाच्या एका रेषेला इतकी खेटून असते की त्यासाठी १९३ नॅनोमीटरच्या रेषेकडे जावं लागतं आणि ठिणगीभोवती आर्गॉन वायू सोडावा लागतो. प्रमाण न वापरता फक्त प्लाझ्माच्या भौतिकीवरून टक्केवारी काढायची रीत इटलीतल्या पिसाच्या गटाने १९९९ मध्ये दिली. ती सुंदर आहे, पण अचूकतेत पैशाच्या व्यवहारापर्यंत पोचत नाही. शेवटी ज्याची टक्केवारी नक्की माहीत आहे अशा, आपल्या दगडासारख्याच दगडांवर यंत्र लावून घ्यावं लागतं. ते नसेल तर लेझर म्हणजे मापांशिवायचा तराजू.

मंगळावर गेलेल्यांनाही हे चुकलं नाही. क्युरिऑसिटी गाडीवरच्या केमकॅमने १९ ऑगस्ट २०१२ रोजी ‘कॉरोनेशन’ नावाच्या दगडावर दहा सेकंदांत तीस ठिणग्या टाकल्या. हे यंत्र सात मीटरपर्यंतचा दगड वाचू शकतं. पण गाडीवर काच, सिरॅमिक, ग्रॅफाइट, टायटॅनियम असे दहा प्रमाण नमुने पृथ्वीवरूनच बसवून नेले होते. आणि तेही पुरले नाहीत. सुरुवातीची टक्केवारी पृथ्वीवरच्या सुमारे सत्तर नमुन्यांवर बेतलेली होती. नंतर ती ४०० हून अधिक नमुन्यांवर नव्याने बांधावी लागली, तेव्हा आकडे सुधारले. आपल्या चांद्रयान-३ च्या प्रज्ञान गाडीवरचं लिब्ज यंत्र बेंगळुरूच्या इस्रो प्रयोगशाळेत तयार झालं. २३ ऑगस्ट २०२३ ला यान उतरलं आणि पाच दिवसांनी इस्रोने जाहीर केलं की दक्षिण ध्रुवाजवळच्या मातीत गंधक नि:संशय आढळलं. ॲल्युमिनियम, कॅल्शियम, लोह, क्रोमियम, टायटॅनियमही दिसले. ही बातमी वाचून ऊर भरून आला होता. पण तिचं स्वरूप लक्षात घ्यायला हवं. गंधक आहे हे सांगणं वेगळं, किती आहे हे सांगणं वेगळं. खाणीत, शेतात, पाण्यात प्रश्न जवळजवळ नेहमीच ‘किती’चा असतो.

सुरजागडच्या खनिजाच्या बाबतीत तर ‘किती’ म्हणजे सरळ पैसा. लोहखनिजावरची रॉयल्टी सरासरी विक्री किमतीच्या १५ टक्के. ही सरासरी किंमत भारतीय खाण ब्युरो दर महिन्याला राज्यवार आणि प्रतवार जाहीर करतो. त्याचं मुख्यालय नागपुरातच आहे. प्रती लोहाच्या टक्केवारीवर बांधलेल्या आहेत: ५५ ते ५८, ५८ ते ६०, ६० ते ६२, ६२ ते ६५, त्याच्या वर. समजा ढिगाऱ्यात खरं लोह ६२.३ टक्के आहे आणि यंत्राने ६१.६ दाखवलं. चूक एका टक्क्याहूनही कमी, पण प्रत एक पायरी खाली, आणि ती चूक त्या संपूर्ण ढिगाऱ्यावर. रॉयल्टीवर आणखी एक हिशेब उभा असतो. २०१५ पासून रॉयल्टीच्या काही हिश्श्याइतकी रक्कम, जुन्या पट्ट्यांसाठी ३० टक्के आणि लिलावाच्या पट्ट्यांसाठी १० टक्के, जिल्हा खनिज प्रतिष्ठानात जमा करावी लागते. ती खाणबाधित गावांच्या शाळा, दवाखाने, पाण्यावर खर्च व्हायची असते. म्हणजे एटापल्ली-भामरागडच्या एखाद्या पाड्यावरच्या नळाचा धागा शेवटी एका टक्केवारीपर्यंत जातो. ती ठरवणारं यंत्र कोणत्या दगडांवर लावून घेतलं आहे, हे विचारण्याचा हक्क त्या पाड्याला असायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

सुरजागडचा डोंगर माडिया आदिवासींसाठी ठाकूरदेवाचं ठिकाण. जानेवारीत तिथे यात्रा भरते, इलाक्यातल्या गावांचे लोक जमतात, आणि खाणीला त्यांच्या ग्रामसभांनी विरोध नोंदवलेला आहे. तो वाद टक्केवारीने सुटणारा नाही आणि सोडवूही नये. पण एकदा खाण चालू आहे म्हटल्यावर तिच्यातून काय निघतं, कुठे जातं, पायथ्याच्या शेतांत कोणता गाळ येतो, हे प्रश्न मात्र मोजणीचे आहेत. लाल गाळ भातशेतीत आल्याच्या तक्रारी इथल्या शेतकऱ्यांनी केल्या आहेत. गाळ खाणीतलाच आहे का, हे सांगायला लेझर खरोखर कामाचा आहे. लोह, मँगनीज, सिलिकॉन, टायटॅनियम यांच्या प्रमाणांची जोडणी दगडागणिक बदलते. खाणीचा ढिगारा, वरच्या ओढ्याची माती आणि शेतातला गाळ, तिन्हींचे पुरेसे नमुने घेऊन तुलना केली तर गाळाचं मूळ बऱ्यापैकी शोधता येतं. इथे टक्केवारी दशांशापर्यंत बिनचूक असण्याची गरज नसते, फरक ओळखता आला तरी पुरतं. दिवसाला शेकडो ठिणग्या टाकता येतात हा वेग इथे कामी येतो.

मृदा आरोग्य पत्रिका २०१५ पासून बारा गोष्टी सांगते: सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबं, मँगनीज, बोरॉन. लेझर यातली बरीच मूलद्रव्यं पाहतो, म्हणून माती तपासणीला तो लावावा अशी कल्पना सहज सुचते. तिथे मी थांबायला सांगेन. पत्रिकेतला पालाश हा पिकाला घेता येईल असा, मातीतून रसायनाने सोडवून मोजलेला. लेझर एकूण पालाश मोजतो, दगडाच्या कणात कुलूपबंद असलेलाही. गडचिरोलीच्या ग्रॅनाइट-नीसच्या मातीत असा बंदिस्त पालाश भरपूर असायचा, आणि भात तरी उपाशी. मात्र सेंद्रिय कर्बासाठी लेझर उपयोगाचा आहे. ब्राझीलच्या एम्ब्रापा या शेती संशोधन संस्थेने या कामावर बराच भर दिला आहे.

पाण्याच्या बाबतीत उत्तर आणखी स्पष्ट आहे. चंद्रपूर जिल्ह्याच्या काही भागांत भूजलात फ्लोराइड आहे, आणि पिण्याच्या पाण्यात ते १.५ मिलिग्रॅम प्रति लिटरच्या वर चालत नाही. आर्सेनिकची मर्यादा तर ०.०१. पाण्यावर लेझर टाकला की थेंब उडतात, प्लाझ्मा लगेच विझतो, आणि फ्लोरिनची रेष मुळातच क्षीण. पाणी सुकवून धातूच्या पत्र्यावर घेतलं तरी एवढ्या बारीक प्रमाणापर्यंत हातातलं यंत्र भरवशाने पोचत नाही. फ्लोराइडसाठी साधा इलेक्ट्रोड आणि आर्सेनिकसाठी नागपूरची प्रयोगशाळा, हेच बरोबर. पाण्याच्या नावावर लेझर विकत घेऊ नये.

कोळशाचं मात्र उलट आहे. चंद्रपूरचं महाऔष्णिक केंद्र २९२० मेगावॅटचं. खाणीतून निघालेला आणि केंद्रात पोचलेला कोळसा एकाच प्रतीचा आहे का, यावर वीज कंपन्या आणि कोळसा कंपन्यांत कायम ओढाताण चालते. त्यासाठी तिसऱ्या पक्षाकडून नमुना घेण्याची पद्धत आणावी लागली. वाहक पट्ट्यावरून जाणाऱ्या कोळशावर सतत ठिणग्या टाकत कार्बन, हायड्रोजन आणि राखेतलं सिलिकॉन, ॲल्युमिनियम, लोह, कॅल्शियम वाचता आलं, तर प्रतीचा अंदाज तासागणिक मिळेल. चीनमधल्या वीजकेंद्रांसाठी यावर बरंच काम झालं आहे. महाराष्ट्रात या तंत्राचं सगळ्यात मोठं मैदान मला इथे दिसतं.

आणखी एक उपयोग वारंवार सुचवला जातो, स्फोटकं दुरून ओळखण्याचा. हैदराबाद विद्यापीठात यावर संशोधन झालं आहे. १ मे २०१९ ला गडचिरोलीत जांभूळखेड्याजवळच्या नक्षली सुरुंगस्फोटात पंधरा पोलीस आणि त्यांचा चालक गेला. अशा घटनांनंतर ही आशा वाटणं स्वाभाविक आहे. पण लेझरला जे दिसतं तेच तो वाचतो. रस्त्याखाली पुरलेल्या सुरुंगावर तो पोचत नाही.

जुन्या काळाकडे वळलं तर इथे काम भरपूर आहे. रामटेकजवळ नायकुंडला डेक्कन कॉलेजने १९७८-८० मध्ये केलेल्या उत्खननात महापाषाणकाळातली लोखंड गाळायची भट्टी मिळाली. तिथली धातुमळी, आजच्या चंद्रपूर-गडचिरोलीतली खनिजं आणि विदर्भातल्या दफनांतल्या कुऱ्हाडी यांची मूलद्रव्यं शेजारी शेजारी ठेवली, तर तो लोहार कोणत्या डोंगराचा दगड वापरत होता याचा माग लागू शकेल. वस्तूवर सुईच्या टोकाएवढीच खूण राहते, म्हणून संग्रहालयंही नमुना द्यायला राजी होतील.

मग आधी काय करावं? गडचिरोलीत २०११ पासून गोंडवाना विद्यापीठ आहे. पहिलं यंत्र तिथे यावं, पण त्याच्या आधी नमुने यावेत. सुरजागडच्या डोंगरातले वेगवेगळ्या प्रतीचे दगड, भामरागड-एटापल्लीच्या भातशेतीची माती, पर्लकोटा आणि इंद्रावतीचा गाळ, चंद्रपूरच्या खाणींचा कोळसा. प्रत्येक नमुना दळून एकजीव करायचा, ॲसिडात विरघळवून जुन्या खात्रीच्या पद्धतीने किमान दोन वेगळ्या प्रयोगशाळांत मोजून घ्यायचा, मग बाटल्यांत भरून टक्केवारीसह ठेवायचा. नागपुरात खाण ब्युरो, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं केंद्र आणि नीरी असताना हे अशक्य नाही. वेळ लागेल, एखादं-दोन वर्षं सहज, आणि पैसाही यंत्राइतकाच. खनिज प्रतिष्ठानाच्या पैशाला याहून योग्य जागा मला सुचत नाही.

आणि प्रत्येक नमुन्याचा एक भाग गावात राहावा. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाने अभ्यासगटांच्या बळावर २००९ मध्ये आपल्या जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवला. दगड-मातीचे अभ्यासगटही अशाच पद्धतीने चालवता येतील. हेमलकशाच्या आश्रमशाळेत शिकलेल्या मुलामुलींना वर्णपट वाचायला शिकवणं अवघड नाही. रेषा कोणत्या मूलद्रव्याच्या हे ओळखायला आठवडा पुरतो. कोणत्या वाचनावर विश्वास ठेवायचा नाही हे ओळखायला वर्ष लागतं. ते वर्ष त्यांना मिळालं पाहिजे, कारण पुढचा ढिगारा मोजला जाईल तेव्हा यंत्राच्या बाजूला त्यांच्यापैकी कुणीतरी उभं असणं गरजेचं आहे, गावाकडची बाटली हातात घेऊन, आणि यंत्र आधी त्या बाटलीवर चालवून दाखवा असं सांगत.